डबा नंबर चार

२९ सप्टेंबर, सोमवार

ही वही सॅकच्या आतल्या कप्प्यात राहील आणि सॅकला छोटं कुलूप आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वही कधी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. अलिबागहून एसटीने पाऊण तास, पुढे मोटरसायकलवर दहा मिनिटं, एवढं पुरे. एका बाजूला भातशेतं, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माणसाच्या उंचीचा मातीचा बांध. याला इथे बाहेरकाठा म्हणतात. हा बांध आहे म्हणून शेत आहे, नाहीतर सगळं खारं पाणी.

आज सहाही डबे बसवून झाले. प्रत्येकात एक चिप, बॅटरी, तळहाताएवढं सोलर पॅनेल आणि छोटा रेडिओ. दर दहा मिनिटांनी डबा शेतातल्या पाण्याचा खारटपणा मोजतो आणि आकडा हवेतून गावातल्या विनेशच्या गच्चीवरच्या गेटवेला, म्हणजे आकडे गोळा करणाऱ्या पेटीला, पाठवतो. तिथून तो विद्यापीठात जातो. बॅटरी वाचावी म्हणून डबे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा जागे, रात्री झोपलेले. खारटपणा एकदम वाढला तर गावात मोबाइलवर निरोप येतो. बाहेरचं, खाडीचं पाणी मोजणं या वर्षीच्या प्रकल्पात नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आधी आतलं नीट करू.

बारा डिसेंबरला आढावा समिती येणार. एका जरी डब्याचे आकडे एखाद्या जरी दिवशी शंभरात पंचाण्णवपेक्षा कमी पोचले, तर प्रकल्पाला मुदतवाढ नाही, आणि माझी पीएचडी तिसऱ्या वर्षावरच लटकणार. तसं झालं तर घरी आई म्हणेल, "प्रणाली, पुरे झालं आता."

विनेश बांध-समितीचा सेक्रेटरी. तिशीतला, चलाख, गच्ची आणि वीज दोन्ही विनामोबदला दिली. खोली मात्र मला त्याच्याकडे नाही, येसाजीकाकांच्या मागच्या पडवीत मिळाली. काका सत्तरीचे, उघाडी सांभाळतात. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार: ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. तिच्या साखळीला कुलूप आहे आणि चावी काकांच्या करगोट्याला. डबा नंबर चार त्या उघाडीवरच आहे, सगळ्यात महत्त्वाचा. धोक्याचा निरोप जायला काकांच्या घरचा, म्हणजे मनुबाईकाकींचा नंबर घातला.

आमच्या लातूरकडे बोअरच्या मोटारीच्या पेटीलासुद्धा दोन कुलपं असतात. इथे सहा डबे उघड्यावर ठेवून मी झोपायला चालले आहे. झोप येईल असं वाटत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवस सगळे डबे शंभरात नव्व्याण्णव. सरांना स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी बांधावर गेले तर डबा नंबर चारवर युरियाची रिकामी गोण बांधलेली. पॅनेल पूर्ण झाकलेलं, वर सुतळीची पक्की गाठ. काकांना विचारलं. म्हणाले, "सर आली व्हती पावसाची. भिजेल म्हनून घातली."

मी सांगितलं की डबा भिजत नाही, तो त्यासाठीच बनवला आहे आणि गोणीमुळे उपाशी मरेल. ते हसले. "बरा हाय. जेवन उनाचा, आन पानी चालत न्हाय."

चांगल्या मनाने केलं असेलही. पण डब्याला हात लावायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. नोंद करून ठेवते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डबा नंबर चार आज अकरा वीस ते बारा चाळीस गायब होता. आठ आकडे गेले. बाकी पाच डबे ठणठणीत. मग आपोआप परत आला, काही झालंच नाही अशा थाटात. बॅटरी भरलेली, चिप एकदाही बंद पडलेली नाही. म्हणजे डबा बोलत होता, पण त्याचं बोलणं गच्चीपर्यंत पोचलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा. बारा ते सव्वा. उन्हाने रेडिओ तापतो का ते पाहायला डबा उतरवून दुसरा चढवला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरा डबाही तेच करतो. काल बारा चाळीस ते एक पन्नास, आज दीड ते दोन वीस. म्हणजे डबा निर्दोष आहे. ऊनही निर्दोष, कारण ऊन रोज उशिरा तापायला लागत नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "एकच डबा, दिवसातून एकदाच, तास-सव्वातास. यंत्राला वेळ कळत नाही, प्रणाली. वेळ माणसाला कळते. तिथे कोण येतं ते बघ."

माझ्या मनातलंच बोलले. रेडिओसमोर लोखंडी पत्रा धरला किंवा अँटेनाला ओलं फडकं गुंडाळलं की झालं. मग काढून घ्यायचं. डबा जागचा हललेला नाही, त्यामुळे पुरावा नाही. जो कोणी आहे तो रोज अर्धा-पाऊण तास उशिरा येतो, म्हणजे ठरावीक वेळ पकडली जाऊ नये एवढी अक्कल त्याला आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

कालपासून सगळं व्यवस्थित. ज्या दिवशी मी पाळत ठेवायचं ठरवलं त्या दिवसापासून व्यवस्थित. हा योगायोग मला पटत नाही.

मी पाळत ठेवणार हे मी फक्त मनुबाईकाकींसमोर बोलले होते, तेही अर्धवट, जेवताना. त्या म्हणाल्या होत्या, "डब्याला ताप आलाय का गं, बाय? दुपारचा झोपतंय तो." मग स्वतःच हसल्या आणि ताटात आणखी एक बोंबील टाकला. मी बोंबील खाल्ला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

विनेशच्या गच्चीवर गेटवे तपासायला गेले. चहा झाला. घरामागे त्याने नवं तळं खणलंय, जिताडा माशाचं. पाणी आहे, पण अर्धंच. म्हणाला, "मॅडम, दोन-चार चांगल्या भरत्यांचं पाणी घेतलं ना, का मासा उभा राहतो. मुंबैचा माणूस इथे येऊन उचलेल. पण म्हातारा उघाडी उघडू देत नाय. कापणी होऊ दे, कापणी होऊ दे, एकच कॅसेट. गावात कुठलीही नवी गोष्ट आणा, तो आडवा."

मी विचारलं, डब्यांनाही?

तो म्हणाला, "मी कशाला कोणाचं नाव घेऊ. पण तिथे दुसरं कोण जातंय दुपारचं? तुम्हीच बघा की."

शिकलेला माणूस आहे, जपून बोलतो. मला ते आवडलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. घरी गेले नाही. आईने फोनवर दोन मिनिटं गप्प राहून मला शिक्षा दिली.

डबा आज पुन्हा गेला. अकरा दहा ते बारा वीस. दहा दिवस शहाण्यासारखा वागून, दिवाळीला सगळे घरात असताना. आणि मी विनेशच्या गच्चीवरून दुर्बिणीने पाहत होते. अकराला य. बांधावर आला. हातात काठी आणि घमेलं. साडेबारापर्यंत उघाडीजवळ खाली वाकून काहीतरी करत होता. डबा परत आला आणि तोही उठून घराकडे निघाला.

इथून पुढे वहीत पूर्ण नाव लिहिणार नाही. य. पुरे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

डबा: अकरा चाळीस ते बारा पन्नास. य. बांधावर: साडेअकरा ते एक. दिवाळीच्या पाडव्याला कोण चिखलात जातं?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आज जवळून पाहायचं ठरवलं. बाराच्या आधीच बांधावर जाऊन तिवरांच्या झुडपाआड बसले. डास, चिखल आणि खेकडे. लॅपटॉप मांडीवर.

य. आला. उघाडीपाशी गुडघ्यावर बसला, घमेल्यातला चिखल आणि पेंढा झडपेच्या कडांना हाताने चोपत राहिला. डोक्याच्या वर दोन हातांवर माझा डबा. बारा वीसला डबा गेला. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्याचा हात वर नव्हता. पण पाठ माझ्याकडे होती आणि दुसरा हात मला दिसत नव्हता.

फोटो काढत होते तेवढ्यात मागे न बघताच तो म्हणाला, "ये बाय, हितं बस. तितं खालून पानी येल, चप्पल भिजल."

म्हणजे मी तिथे आहे हे त्याला आल्यापासून माहीत होतं. इतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. मी उठले आणि विचारलं, "काका, तुम्ही रोज वेगवेगळ्या वेळी का येता?"

"जवा काम आसतं तवा येतंय."

"काल साडेअकराला आलात, आज बाराला. उद्या?"

"उद्या साडेबारा धर. परवा एक."

थंडपणे सांगितलं. उद्याची वेळसुद्धा. मला आव्हान देत होता की काय कोण जाणे. माझी चप्पल खरंच भिजली.

संध्याकाळी मनुबाईकाकींनी मला पाटावर बसवून करंज्या दिल्या. त्यांचा भाऊ आला नव्हता म्हणून डोळे भरलेले. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी हेही वाटलं, की एवढं प्रेम का?

२५ ऑक्टोबर, शनिवार

काल: साडेबाराला डबा गेला. आज: एक पाचला. त्याने सांगितल्याप्रमाणे. तक्ता पूर्ण झाला. तारीख, डबा गेला, डबा आला, य. कुठे. नऊ दिवस, नऊही वेळा. पहिल्या चार दिवसांचं मला दिसलं नव्हतं, पण विनेशने गावात विचारून पक्कं केलं: त्याही दिवशी, त्याच वेळी, य. बांधावर.

नऊपैकी नऊ. आमच्या शास्त्रात इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही. सरांना तक्ता पाठवला. त्यांनी लिहिलं, "समितीला लेखी दे. अहवालात 'मानवी हस्तक्षेप' म्हणून जाईल, आपल्यावर येणार नाही."

३० ऑक्टोबर, गुरुवार

बांध-समितीची बैठक समाजमंदिरात झाली. अकरा माणसं. मी तक्ता वाचला नाही, विनेशनेच तो कागद फिरवून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "युनिव्हर्सिटीचं काम आहे. पोलिसात गेलं तर गावाचं नाव जाईल. त्यापेक्षा आपसात मिटवू." पोलिसांचं मी बोललेच नव्हते. पण म्हटलं, त्याला गाव माहीत.

य. कोपऱ्यात खांबाला टेकून बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, येसाजी, तू या टायमाला तितं व्हतास का?

"व्हतो."

"रोज?"

"त्या दिवसांला रोज."

"डब्याला हात लावतंस?"

तो जरा विचारात पडला. "कदी कदी पुसतो. चिखल उडतो त्याच्यावर."

मग विनेश म्हणाला, चावी महिनाभर समितीकडे राहू दे, मॅडमचं काम होईस्तोवर. य.ने करगोट्याची गाठ सोडली. गाठ जुनी होती, सुटेना. सगळे बघत होते. शेवटी दाताने सोडली आणि चावी चटईवर ठेवली. जाताना एवढंच म्हणाला, "कापनीला आठ दिस हायत. पुनव मधे येतंय. झडपेच्या उजव्या आंगाला फट हाय, तितं रोज चिखल लागतो."

विनेशने चावी उचलली. मी जिंकले होते. पण काकांनी एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

चावी ज्याच्याकडे, निरोप त्याला, असा नियम. धोक्याच्या निरोपातून मनुबाईकाकींचा नंबर काढला आणि विनेशचा घातला. चाचणीचा निरोप पाठवला. त्याने लगेच अंगठा पाठवला.

मला वाटलं होतं आता खोली सोडायला सांगतील. सकाळी नेहमीसारखी तांदळाची भाकरी आणि चहा पडवीत ठेवलेला. काकी आल्या नाहीत, नुसती थाळी. वरून फडकं झाकलेलं. मी फडकं उचलून भाकरी नीट बघितली, वास घेतला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि खाल्ली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दहा दिवस डब्यात एकही खंड नाही. चावी गेली आणि त्रास थांबला. सरांना कळवलं. (मनात एक बारीक कुसळ आहे: त्रास चावी जायच्या आधीच, सव्वीस तारखेपासून थांबला होता. बहुधा तक्त्याची कुणकुण लागली असणार.)

बांधावर गेले. उघाडीपाशी कोणी नाही. साखळी सैल, विनेश येऊन गेला असावा. उजवीकडच्या चिखलाला तडे गेलेत. शेतात निम्मं भात कापून पेंढ्या पसरलेल्या, निम्मं उभं. कापणारी इंदूबाई म्हणाली, "परवा, तेरवापर्यंत उचलू सगला." मला बघून ती एरवी दोन शब्द जास्त बोलते. आज बोलली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

पडवीत लॅपटॉप लावून बसले होते. य. समोरच ओट्यावर, माझ्यापासून पाच पावलांवर. साडेदहाला तो उठला, काठी घेतली, परत ठेवली, बसला. अकराला पुन्हा उठला, पुन्हा बसला. आतून काकी म्हणाल्या, "आता कनाला उठताव? बसा." मग तो खाडीच्या दिशेने तोंड करून नुसता बसून राहिला. खाडी इथून दिसत नाही, मधे चिंचेचं झाड आणि दोन घरं आहेत.

अकरा पाचला डबा नंबर चार गेला.

मी स्क्रीनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बारा वीसपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. तो हलला नाही आणि डबा आला नाही. बारा वीसला डबा आला, आणि त्याच सुमारास तो खाली मान घालून आत गेला.

म्हणजे याचा साथीदार आहे. दुसरं काय असणार? उद्या विनेशला बांधावर माणूस बसवायला सांगते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सातला लॅपटॉप उघडला. डबा नंबर दोन, म्हणजे भाताच्या खोलगटातला. रोज खारटपणा तीन-चार असतो, समुद्राचा पन्नासच्या आसपास. आज सहा दहाला अडतीस.

वाटलं डबा बिघडला. मग तीन नंबर पाहिला, चौतीस. पाच नंबर, छत्तीस. मग बाहेर ओरडा ऐकू आला आणि मी अनवाणी धावले.

रात्रीच्या भरतीचं पाणी आत होतं. पेंढ्या तरंगत होत्या. उभ्या भाताचे नुसते शेंडे वर. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पेंढ्या ओढत होत्या आणि ओढलेल्या ठेवायला कोरडी जागा नव्हती. उघाडीपाशी येसाजीकाका छातीभर पाण्यात. झडप ना मिटत होती, ना ओहोटीला पुरती उघडत होती, कारण तिच्यात मांडीएवढा लाकडाचा ओंडका नीट आडवा बसवलेला होता आणि तो हलू नये म्हणून साखळी त्याच्याभोवती आवळून कुलूप लावलेलं होतं. चावी असलेल्या माणसाशिवाय हे कोणालाच जमणार नाही. काकांनी कोयत्याने ओंडका तोडला. पाऊण तास लागला.

विनेशचं तळं काठोकाठ भरलेलं आहे. तो म्हणतो, त्याला वाटलं एका रात्रीत एवढं पाणी येणार नाही.

धोक्याचा निरोप सहा बाराला गेला. सहा बारालाच पोचला. त्याच्या मोबाइलवर. त्यावर अंगठासुद्धा नाही. निरोप काकींच्या मोबाइलवर आला असता तर काका साडेसहाला उघाडीवर असते. सगळं वाचलं नसतं, पण पूर्वेकडच्या वरच्या पंधरा-वीस पट्ट्यांत तोपर्यंत पाणी शिरलेलं नव्हतं. ओहोटीला बाहेर न जाता आत तुंबलेलं पाणी तिथे साडेसातनंतर पसरलं. ते मला माहीत आहे, कारण डबा नंबर सहाने दर दहा मिनिटांनी ते मला नीट कळवलं आहे. एकही आकडा हरवला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डबा नंबर चार बारा पंचवीसला गेला. काल पावणेबाराला गेला होता. बांधावर काल आणि आज वीस माणसं होती, सगळी माझ्या ओळखीची, कोणीही डब्याकडे बघत नव्हतं.

काकी स्वयंपाकघरात नव्हत्या. मी पाणी प्यायला आत गेले तर भिंतीवरचं कॅलेंडर समोर. पाच तारखेवर लाल गोळा, पौर्णिमा. मागचं पान उलटलं. एकवीस ऑक्टोबरला काळा गोळा, अमावास्या. त्याआधी सातला पौर्णिमा. माझा तक्ता मला पाठ आहे. सात. एकवीस. पाच.

मी तशीच ओट्यावर गेले. काका पाय धूत होते. मी विचारलं, "काका, अमावास्येला भरती किती वाजता असते?"

त्यांनी माझ्याकडे, पोराने आपलं नाव विचारावं तसं पाहिलं. "बाराला. आवस-पुनवंला बाराची. मंग रोज आर्धा-पाऊन तास फुडं. हे पन म्हाईत न्हाय तुना?"

नव्हतं माहीत. आमच्याकडे पाणी असलं तर एकाच दिशेने जातं.

डबा चार आणि विनेशची गच्ची यांच्यामधे खाडीचं वळण आहे. एरवी तिथे चिखल असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चार-पाच दिवस तिथे आरशासारखं पाणी पसरतं. रेडिओची एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावर आपटून जाते, आणि पाणी एका ठरावीक उंचीला आलं की दोघी एकमेकींना मारून टाकतात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले, परीक्षेत आकृतीसह लिहिलं, गुण मिळवले. आणि उघाडीवाला भरतीला उघाडीवर जातो, कारण त्याचं कामच भरतीला असतं. दोघंही एकाच पाण्याच्या वेळेने चालत होते आणि मी एकाला दुसऱ्याचा चोर ठरवलं.

विनेशने चावी घेतली त्यात मी नव्हते असं कोणी म्हणेल. पण ती चावी चटईवर ठेवायला लावणारा कागद माझा होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांच्या आवाजात उत्साह आला. "अगं, हे फार चांगलं आहे. भरतीप्रमाणे संदेश हरवणं, आणि खरं पाणी आत शिरल्याचे दहा-दहा मिनिटांचे आकडे. असा संच कोणाकडे नाही. हस्तक्षेपाचा परिच्छेद काढून टाक, यावर स्वतंत्र निबंध होईल. मुदतवाढीची काळजी सोड."

मी म्हटलं, सर, सत्तावीस घरांचं भात गेलं.

"हो, ते वाईटच झालं. आभारात गावाचा उल्लेख कर."

मी फोन ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

उद्या बांध-समितीची बैठक आहे. दोन दिवस मी काकांसमोर जायचं टाळत होते. आज गेले. ते ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. कोयत्याची धार त्या ओंडक्यावर गेली होती. काकी भिजलेलं भात सुपात घेऊन वास घेत होत्या आणि बाजूला ओतत होत्या, कोंबड्यासुद्धा तोंड लावत नव्हत्या.

मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली. तुम्ही काही केलं नव्हतं. मी तुमच्यावर संशय घेतला, तुमच्या घरात राहून, तुमचं खाऊन. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

ते धार लावत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी तू कागद केलावतास. इनेसनी फिरवला. मना वाचता येत न्हाय. काय लिवलंवतास त्याच्यात, मना कोनी सांगितलाच न्हाय."

मला वाटलं होतं मी याहून वाईट अवस्थेत जाऊ शकत नाही. वही आणली. तक्ता काढला.

"वाच," म्हणाले.

मी वाचायला लागले. सात ऑक्टोबर, अकरा वीस ते बारा चाळीस, येसाजी बांधावर. आठ ऑक्टोबर, बारा ते सव्वा, येसाजी बांधावर. वाटत होतं मधेच थांबवतील, शिवी देतील. ते कोयता बाजूला ठेवून ऐकत होते. प्रत्येक ओळीला बोटाचं एक पेर मोजत होते आणि मान हलवत होते.

नऊ ऑक्टोबर. दहा ऑक्टोबर. "बरोबर," म्हणाले. एकवीस ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. "बरोबर. त्या दिशी मनु रागावलीवती." बावीस. तेवीस. "तू झाडामागं व्हतीस." चोवीस. पंचवीस.

नवव्या पेरावर बोट थांबलं. ते काकींकडे वळून म्हणाले, "आयकलंस? येक पन भरती चुकली न्हाय. येलेसकट लिवलंय पोरीनी."

काकींनी सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

मी वही मिटायला लागले तर म्हणाले, "खाली आजून हाय काय?"

होतं. पाच तारखेची ओळ मी त्या दिवशी सवयीने भरली होती. पाच नोव्हेंबर, अकरा पाच ते बारा वीस.

"आन त्याच्याफुडं?"

"पुढे काही लिहिलेलं नाही. रकाना कोरा आहे, काका. तुम्ही इथे बसला होतात."

त्यांनी चिंचेच्या झाडाकडे पाहिलं. मग कोयता उचलला.

"उद्या समितीत आसंच वाच. सगला. तो कोरा पन वाच."